पिवळा दिवा : त्याचा अर्थ आणि त्याचे गणित

लाल दिव्याचा अर्थ काय, असे शाळेत जाणाऱ्या मुलास विचारले तर ते तत्काळ ‘थांबा’ असे उत्तर देईल. हिरव्याचा अर्थ ‘जा’ हेही त्यास ठाऊक असते. परंतु या दोहोंच्या मध्ये काही क्षण लागून विझणाऱ्या पिवळ्या दिव्याचा अर्थ विचारला, तर मोठी माणसेही एकमुखाने उत्तर देत नाहीत. कोणी म्हणतो, ‘सावकाश जा’; कोणी म्हणतो, ‘थांबण्याच्या तयारीत राहा’; आणि चालकाच्या शेजारी बसलेल्या उतारूस त्याच्या पायाची हालचाल पाहून वाटते की, याचा अर्थ ‘त्वरा करा’ असाच असला पाहिजे.

इंग्रजीत या दिव्याच्या रंगास तृणमण्याचे नाव दिलेले आहे. मराठीत आपण त्यास सरळ पिवळा म्हणतो व तेच सोयीचे आहे. रस्त्यांवरील चिन्हे व दिवे यांविषयी १९६८ साली व्हिएन्ना येथे एक आंतरराष्ट्रीय करार झाला. भारत त्यात १९८० साली सामील झाला. त्या करारात पिवळ्या दिव्याचा जो अर्थ दिला आहे त्याचा आशय असा की, पिवळा दिवा लागल्यावर कोणत्याही वाहनाने थांबरेषा ओलांडू नये. मात्र दिवा लागला त्या क्षणी वाहन रेषेच्या इतके जवळ आले असेल की त्यास सुरक्षितपणे थांबताच येणार नाही, तर त्याने पुढे निघून जावे.

या अर्थाचे वैशिष्ट्य वाचकांच्या ध्यानी आले असेलच. लाल आणि हिरवा हे दोन्ही दिवे आज्ञा देतात. पिवळा दिवा आज्ञा देऊन थांबत नाही. तो चालकास एक प्रश्न विचारतो : ‘तुला थांबता येईल काय?’ या प्रश्नाचे उत्तर वाहनाचा वेग, रेषेपासूनचे अंतर, रस्त्याचा ओलेपणा आणि ब्रेकची शक्ती यांवर अवलंबून असते, आणि ते उत्तर चालकाने क्षणार्धात द्यावयाचे असते. खांबावरील घड्याळ त्यासाठी किती वेळ देते, यावर पुष्कळ काही ठरते. तो वेळ अपुरा असेल तर अत्यंत दक्ष व कायदा पाळणाऱ्या चालकासही कायदा मोडल्यावाचून गत्यंतर उरत नाही. हे विधान प्रथमदर्शनी अतिशयोक्त वाटेल. तथापि ते साध्या अंकगणिताने सिद्ध करता येते.

त्याआधी थोडा इतिहास. लंडन येथे पार्लमेंटच्या इमारतीजवळ १८६८ च्या डिसेंबरात वाहतुकीचा पहिला दिवा उभारण्यात आला. त्याचा कर्ता जे. पी. नाइट हा रेल्वेचा अभियंता होता, आणि दिवसा हात व रात्री रंगीत दिवे ही कल्पना त्याने रेल्वेवरूनच उचलली होती. ते दिवे वायूवर जळत. लाल आणि हिरवा असे दोनच. पुढच्याच महिन्यात वायूचा स्फोट होऊन तो चालविणारा पोलीस भाजला, आणि तो प्रयोग तेथेच थांबला. विजेचे दिवे अमेरिकेतील क्लीव्हलंड शहरी १९१४ च्या ऑगस्टात एका चौकात बसविण्यात आले. तेथेही रंग दोनच होते. पण आता रंग बदलणार, ही सूचना देण्यासाठी एक घंटी वाजविण्याची योजना होती. म्हणजे पिवळ्या दिव्याचे काम आरंभी कानांकडे सोपविलेले होते! १९२० साली डेट्रॉइट येथील विल्यम पॉट्स या पोलीस अधिकाऱ्याने चारही दिशांस दिसणारा तीन रंगांचा दिवा तयार केला आणि ते काम डोळ्यांकडे आले. मधला दिवा पिवळा असणे सोयीचेही ठरले. तो लाल आणि हिरवा या दोहोंपासून वेगळा ओळखू येतो, आणि ज्यांस लाल व हिरवा यांतील भेद नीट कळत नाही त्यांना दिव्याच्या खांबावरील स्थानावरून अर्थ कळतो.

दोन दिव्यांनी काम का भागत नाही? कारण धावते वाहन जागच्या जागी थांबू शकत नाही. दिवा दिसल्यापासून पाय ब्रेकवर पडेपर्यंत काही वेळ जातो. यास प्रतिक्रियाकाल म्हणतात. सिग्नलचा हिशेब करताना तो सामान्यतः एक सेकंद धरतात. (मोकळ्या रस्त्यावर अनपेक्षित अडथळा समोर आला तर अधिक वेळ लागतो, म्हणून रस्त्याची आखणी करताना इंडियन रोड्स काँग्रेस ही संस्था अडीच सेकंद धरते. चौकाकडे येणारा चालक काहीसा सावध असतो, असे येथे गृहीत आहे.) या एका सेकंदात वाहन पूर्वीच्याच वेगाने धावत असते. त्यानंतर ब्रेक लागतो आणि वेग उतरू लागतो. वेग उतरण्याच्या या दरास मंदन म्हणतात. दर सेकंदास वेग सेकंदाला तीन मीटर या प्रमाणात कमी होत गेला, तर बसमध्ये उभ्या असलेल्या उतारूंना दांडी धरावी लागते, पण ते पडत नाहीत. कोरड्या रस्त्यावर याच्या दुप्पट जोराने ब्रेक दाबता येतो हे खरे. परंतु तसे रोज प्रत्येक चौकात केले तर उभे उतारू एकमेकांवर आदळतील आणि मागचे वाहन येऊन धडकेल. म्हणून तीन हाच आकडा आपण घेऊ.

आता एक मोटार ताशी ५४ किलोमीटर वेगाने, म्हणजे सेकंदाला १५ मीटर या वेगाने, चौकाकडे येत आहे असे समजा. पिवळा दिवा लागला. पहिल्या सेकंदात ती १५ मीटर जाईल. पुढे ब्रेक लागल्यावर जे अंतर लागते ते काढण्याची रीत अशी : वेगाचा वर्ग करावा आणि त्यास मंदनाच्या दुपटीने भागावे. पंधराचा वर्ग २२५. त्यास सहाने भागले असता ३७.५ मीटर येतात. एकूण ५२.५ मीटर. पिवळा दिवा लागताना मोटार रेषेपासून याहून दूर असेल तर ती सुखाने थांबू शकेल. याहून जवळ असेल तर थांबू शकणार नाही.

थांबू शकत नाही, तर तिने पुढे जावे. किती दूरवरून ती जाऊ शकेल? पिवळा दिवा तीन सेकंद टिकतो असे धरा. त्या वेळात मोटार वेग न वाढविता ४५ मीटर जाते. म्हणून रेषेपासून ४५ मीटरांच्या आत असलेली मोटार लाल दिवा लागण्यापूर्वी रेषा ओलांडील.

आणि ४५ व ५२.५ मीटरांच्या मध्ये जी मोटार असेल तिचे काय? तिला थांबता येत नाही, कारण अंतर अपुरे आहे. तिला वेळेत रेषा गाठता येत नाही, कारण वेळ अपुरा आहे. चालक कितीही सज्जन असो, साडेसात मीटरांच्या या पट्ट्यात तो सापडला की नियम त्याच्या हातून मोडलाच जाणार. वेग वाढवून सुटका करून घेऊ असे तो म्हणेल, तर तोही हिशेब करून पाहू. पट्ट्याच्या मागील टोकास असलेल्या मोटारीला पहिला सेकंद विचारात गेल्यावर उरलेल्या दोन सेकंदांत ३७.५ मीटर तोडावे लागतील. त्यासाठी तिने रेषेपर्यंत आपला वेग ताशी ८१ किलोमीटरपर्यंत नेला पाहिजे. दोन सेकंदांत ५४ वरून ८१ वर जाण्याचे बळ सामान्य मोटारीत क्वचितच असते. आणि असले तरी, ज्या चौकात माणसे रस्ता ओलांडण्यासाठी पाय उचलून उभी आहेत तेथे त्या वेगाने शिरणे म्हणजे आगीतून फुफाट्यात पडणे होय.

या प्रश्नाचा पहिला नेटका विचार १९६० साली प्रसिद्ध झालेल्या एका शोधनिबंधात आढळतो. डेनॉस गाझिस, रॉबर्ट हर्मन आणि अलेक्सेई मॅराडुडिन हे त्याचे लेखक. तिघेही त्या वेळी अमेरिकेतील जनरल मोटर्स या मोटार कंपनीच्या प्रयोगशाळेशी संबंधित होते. यांपैकी हर्मन यांची हकीकत सांगण्याजोगी आहे. १९४८ साली त्यांनी राल्फ आल्फर यांच्यासह असे भाकीत केले होते की, विश्वाच्या आरंभीच्या उष्णतेचा अवशेष म्हणून सर्व अवकाशात अत्यंत शीत असे प्रारण आजही भरून राहिलेले असावे. ते प्रारण १९६५ साली खरोखरीच आढळल्याचे जाहीर झाले. विश्वाच्या जन्मकाळाचा हिशेब मांडणाऱ्या माणसाने पुढे चौकातल्या तीन सेकंदांचा हिशेब मांडावा, यात वस्तुतः विसंगती काही नाही. दोन्हीकडे मोजता येतील अशा राशी आहेत आणि त्यांना बांधणारे नियम आहेत. मॅराडुडिन हेही घन पदार्थांतील अणूंच्या कंपनांचे अभ्यासक होते.

या तिघांनी वर सांगितलेल्या पट्ट्यास जे नाव दिले त्यास मराठीत ‘पेचाचा पट्टा’ म्हणता येईल. चालकांच्या स्वभावावर सारे खापर न फोडता त्यांनी विचारले की, दिव्याची मुदत आणि वाहतुकीचा कायदा हे एकमेकांशी व निसर्गनियमांशी जुळतात काय? पेचाचा पट्टा नाहीसा व्हावा यासाठी पिवळा दिवा किती वेळ लागला पाहिजे याचे सूत्र त्यांनी दिले. वरच्या उदाहरणास ते लावून पाहणे कठीण नाही. प्रतिक्रियाकालाचा एक सेकंद घ्यावा आणि वेगास मंदनाच्या दुपटीने भागून येणारा आकडा त्यात मिळवावा : १५ भागिले ६ म्हणजे अडीच, एकूण साडेतीन सेकंद. म्हणजे आपल्या काल्पनिक चौकात घड्याळ अर्ध्या सेकंदाने कमी पडत होते. अर्धा सेकंद ही डोळ्याची पापणी एकदोनदा लवण्याइतकीच मुदत. पण साडेसात मीटरांचा पेच तिनेच उत्पन्न केला होता.

मात्र कायद्याचा अर्थ बदलला की हे उत्तरही बदलते. लाल दिवा लागण्यापूर्वी वाहन थांबरेषेपलीकडे गेले की पुरे, असे आपण आतापर्यंत मानले. काही ठिकाणी कायद्याची अपेक्षा याहून कडक असते : लाल लागण्यापूर्वी वाहनाने संपूर्ण चौकच ओलांडला पाहिजे. चौक १८ मीटर रुंद आणि वाहन १२ मीटर लांबीची बस असेल, तर रेषेपासून आणखी ३० मीटर जावे लागेल. तीन सेकंदांच्या दिव्यात बसचा ४५ मीटरांचा प्रवास होतो. म्हणून रेषेपासून १५ मीटरांच्या आत असलेली बसच तेवढी सुटेल. १५ पासून ५२.५ मीटरांपर्यंतचा सारा टापू, म्हणजे ३७.५ मीटर, पेचाचा झाला! तो नाहीसा करावयाचा तर साडेतीन सेकंदांत आणखी दोन मिळवून साडेपाच सेकंद द्यावे लागतील.

मग पिवळा दिवा सरसकट सहा सेकंद ठेवावा, म्हणजे कटकट मिटली, असे कोणी सुचवील. याने एक पेच सुटून दुसरा उभा राहतो. रोज त्याच मार्गाने जाणाऱ्या चालकांस दिव्याची मुदत पाठ होते, आणि दीर्घ पिवळा दिवा त्यांच्या लेखी हिरव्याचेच शेपूट ठरतो. शिवाय थांबणे आणि जाणे हे दोन्ही शक्य असलेला टापू वाढत जातो. अशा टापूत दोन वाहने एकामागून एक येत असतात. पुढचा थांबावयाचे ठरवितो, मागचा जावयाचे ठरवितो, आणि दोघांनीही कायदा पाळला असूनही दोघांची टक्कर होते. म्हणून पुष्कळ ठिकाणी वेळेची विभागणी करतात : पिवळा दिवा थांबण्याच्या हिशेबापुरता ठेवतात, आणि त्यानंतर एकदोन सेकंद चारही दिशांना लाल ठेवून आत शिरलेल्या वाहनांस चौक रिकामा करण्यास अवधी देतात. सर्वांस एकदम थांबविण्याची ही कल्पना जुनीच आहे. गॅरेट मॉर्गन या अमेरिकन संशोधकास १९२३ साली ज्या हात असलेल्या वाहतूकदर्शकाचे एकस्व मिळाले, त्यातही अशी योजना होती.

वेगावर दिव्याची मुदत अवलंबून असते हे जर्मनीच्या पद्धतीत स्वच्छ दिसते. तेथे ताशी ५० किलोमीटरची मर्यादा असलेल्या रस्त्यावर तीन सेकंद, ६० असेल तर चार आणि ७० असेल तर पाच सेकंद पिवळा दिवा ठेवतात. ब्रिटनमध्ये तो सर्वत्र तीन सेकंदांचा असतो. आपल्या हिशेबाप्रमाणे पाहता ताशी ३६ किलोमीटर वेगास तीन सेकंद पुरून उरतात. ताशी ७२ किलोमीटर वेगास मात्र तेच तीन सेकंद २६ मीटरांहून लांब पेच उत्पन्न करतात. गावाबाहेरच्या हमरस्त्यावर सिग्नल बसविताना शहरातील चौकाचीच मुदत उचलून ठेवली तर काय होईल, हे यावरून समजावे.

वेगाप्रमाणेच रस्त्याची अवस्थाही हिशेब बदलते. पावसाळ्यात ब्रेक जपून लावावा लागतो. मंदन तीनऐवजी दोनच मिळाले, तर ताशी ५४ किलोमीटर वेगाच्या मोटारीस ५२.५ च्या जागी ७१ मीटर लागतात. दुचाकीस्वारास तर झेब्रा पट्ट्यांचा ओला रंगही घसरविण्यास पुरेसा असतो. वीस मीटरांस एक मीटर अशा उताराचा रस्ता असेल तर पृथ्वीचे आकर्षण ब्रेकच्या विरुद्ध काम करते, आणि कोरड्या दिवशीही ६० मीटर लागतात. घाटाच्या पायथ्याशी असलेल्या चौकाचा हिशेब सपाटीवरील चौकाच्या हिशेबाने भागत नाही तो यामुळे.

१९६० च्या सूत्रात एक न्यून होते, आणि ते पन्नासाहून अधिक वर्षांनंतर एका नागरिकाने चव्हाट्यावर आणले. अमेरिकेतील ओरेगन राज्यात २०१३ साली एका चौकातील कॅमेऱ्याने टिपलेल्या छायाचित्रावरून एका महिलेस दंड झाला. तिचे पती माट्स येर्लस्ट्रॉम हे इलेक्ट्रॉनिकीचे जाणकार. त्यांनी दिव्याची मुदत तपासली आणि असे दाखविले की, सरळ जाणाऱ्या वाहनास हे सूत्र लागू पडते. वळणाऱ्या वाहनास नाही. सरळ जाणारा आपला वेग कायम ठेवू शकतो, परंतु वळणाऱ्याला चौकापूर्वीच वेग उतरवावा लागतो, आणि त्यामुळे रेषा गाठण्यास त्यास अधिक वेळ लागतो. परवान्यावाचून अभियंत्याचे काम केले म्हणून राज्याच्या अभियंता-परवाना मंडळाने उलट त्यांनाच ५०० डॉलर दंड केला. हे त्यांच्या भाषणस्वातंत्र्याचे उल्लंघन असल्याचा निर्णय न्यायालयाने २०१८ साली दिला. मूळ निबंधाच्या लेखकांपैकी मॅराडुडिन यांनीही येर्लस्ट्रॉम यांच्या म्हणण्यास पुष्टी दिली, आणि २०२० साली वाहतूक अभियंत्यांच्या अमेरिकन संस्थेने आपल्या मार्गदर्शनात वळणाऱ्या वाहनांसाठी सुधारलेले सूत्र समाविष्ट केले.

हा विषय आता आपल्याकडेही केवळ पुस्तकी राहिलेला नाही. भारतात मोटार वाहन अधिनियमास २०१९ साली जी दुरुस्ती झाली, तिच्यानुसार लाल दिवा ओलांडून जाणे हे धोकादायक रीतीने वाहन चालविण्याच्या गुन्ह्यात गणले जाते, आणि शहरांतून हे काम कॅमेरे पाहू लागले आहेत. चौकात उभ्या असलेल्या पोलिसास ‘बस भरलेली होती, रस्ता ओला होता’ हे डोळ्यांनी दिसत असे. कॅमेऱ्यास फक्त रेषा आणि क्षण दिसतो. तेव्हा त्या क्षणापूर्वीची पिवळ्या दिव्याची मुदत हिशेबाने ठरविलेली असणे, हा चालकाच्या न्याय्य हक्काचा भाग ठरतो.

आपल्या रस्त्यांवर आणखीही एक अडचण आहे, व तिच्यावर सूत्रात सोपा उपाय नाही. एकाच चौकात मोटार, रिक्षा, सायकल, हातगाडी आणि कोठे कोठे बैलगाडीही असते. सायकलस्वार सेकंदाला चार मीटर गेला तर १८ मीटरांचा चौक ओलांडण्यास त्यास सुमारे पाच सेकंद लागतात. हातगाडी ओढणारा माणूस हिरव्या दिव्याच्या अखेरीस चौकात शिरला, तर पिवळा संपून समोरचा हिरवा लागेपर्यंत तो अर्ध्यावरही पोचलेला नसतो. दिव्याची मुदत मोटारीच्या वेगावरून ठरलेली असते, आणि तिच्यात हा माणूस धरलेला नसतो. समोरच्या वाहनांनी हिरवा दिवा लागल्यावरही चौक रिकामा झाला आहे काय हे पाहूनच निघावे, एवढाच त्याला आधार. अनेक शहरांत उरलेले सेकंद दाखविणारे आकडे दिव्यांजवळ बसविलेले आढळतात. त्यांमुळे निर्णय आधी घेता येतो हे खरे. परंतु हिरव्याचे अखेरचे दोन सेकंद उरलेले पाहून दुरूनच वेग वाढविण्याचा मोह होतो, आणि लालाचे दोन उरले की निघण्याची घाई होते. ही घाई नेमकी त्या हातगाडीच्या वाटेत येते.

शाळेतील विद्यार्थ्यांस या साऱ्याचा पडताळा शिक्षकांसमवेत पदपथावर सुरक्षित उभे राहून घेता येईल. मोजपट्टीने पदपथावरच चौकापूर्वीचे ५० मीटर अंतर आखावे. हिरवा दिवा असताना एक मोटार ते अंतर किती सेकंदांत तोडते हे थांब-घड्याळाने पाहावे. चार सेकंद लागले तर वेग सेकंदाला साडेबारा मीटर, म्हणजे ताशी ४५ किलोमीटर, झाला. साडेबारास सहाने भागून एक मिळविला की सुमारे ३.१ सेकंद हे उत्तर मिळते. अशा वीसपंचवीस वाहनांचे आकडे वहीत उतरवावे. मग त्याच घड्याळाने पिवळा दिवा लागल्यापासून विझेपर्यंतचा वेळ दहा वेळा मोजावा, त्याची सरासरी काढावी, आणि ती वहीतील आकड्यांशेजारी लिहावी.